लाइन्समनची साक्ष

भाऊसोच्या हॉटेलात पाच वर्षं एकच भांडण पुन्हा पुन्हा पेटत होतं. चौऱ्याहत्तर सालच्या फायनलला कडेगावच्या मानसिंगला दाखवलेलं लाल कार्ड बरोबर होतं की चूक? आणीबाणी लागली, उठली, सरकार बदललं, पण भाऊसोच्या हॉटेलातली मंडळी त्या कार्डापासून हलायला तयार नव्हती.

"आदी पिवळं दावाय पायजे हुतं," केरबा टेबलावर बोट आपटून म्हणायचा. केरबा मार्केट यार्डातला हमाल. त्यानं आयुष्यात बॉलला पाय लावला नसेल, पण सांगलीतली एक मॅच कधी चुकवली नाही. "पिवळं न्हाई, समज न्हाई, येकदम लाल? ह्यो कुठला कायदा रं?"

"सरळ लाल देता येतंय," भाऊसो गल्ल्यावरून ओरडायचा. "मुद्दाम अंगावर गेला, इजा केली, तर पिवळ्याची गरजच न्हाई. रेफ्री सुभेदारांच्या नियमाच्या पुस्तकात लिवलंय."

"मग मुद्दाम केलं हे ठरवायचं कसं? रेफ्री काय त्येच्या मनात शिरून बघतुया?"

"मागनं येऊन पाय धरला गड्या. पाया पडायला धरला व्हय?"

यावर सगळं हॉटेल हसायचं, आणि हसून झालं की माना माझ्याकडे वळायच्या. "अण्णा, तुमी सांगा. तुमी हुतासा की लाइनीवर."

मी बशीतला चहा संपवायचो आणि म्हणायचो, "रेफ्रीनं दिलं ते दिलं. मैदानात त्याचा शब्द शेवटचा."

एवढं बोललं की मंडळी गप्प व्हायची. सख्ख्या भावाला लागलेलं असूनही जिनपालअण्णा एक वाकडा शब्द काढत नाहीत, असं ते माझ्यामागं म्हणायचे, आणि ते मला ऐकू यायचं. माणूस किती न्यायी! मी कसला न्यायी? मी खोटारडा होतो, आणि भाऊसोच्या चहाच्या प्रत्येक कपाबरोबर तेच खोटं नव्यानं बोलत होतो.

सांगलीत माझं भांड्यांचं दुकान आहे. आई-वडलांमागं धाकट्या भावाला, रायगोंडाला, मीच वाढवला. त्याला अभ्यास कधी जमला नाही आणि दुकानात तर तो दहा मिनिटं टिकायचा नाही. पण पायात बॉल आला की लोक उभे राहून बघत. मी स्वतः कधी खेळलो नाही. त्याच्या क्लबाबरोबर गावोगाव हिंडायचो, आणि हिंडता हिंडता क्लबाचा लाइन्समन झालो. त्या वेळी दोन्ही क्लब आपापला एकेक लाइन्समन द्यायचे. त्यानं हातात झेंडा घेऊन कडेनं पळायचं आणि बॉल रेषेबाहेर गेला की झेंडा वर करायचा, एवढंच काम.

फायनल आमच्यात आणि कडेगावात होती. कडेगावची टीम म्हणजे सगळी तालमीतली पोरं. सकाळी मातीत आणि संध्याकाळी फुटबॉलला. त्यातला मानसिंग बचावाला खेळायचा. उंच, शांत, कधी तोंड न उघडणारा पोरगा. बेळगावहून पलटणीच्या टीमसाठी पोरं निवडायला एक कॅप्टनसाहेब आले होते आणि मांडवाखाली खुर्ची टाकून बसले होते. मानसिंगचे आजोबा पलटणीत, वडील पलटणीत. याची छाती दोन वेळा भरतीत अर्ध्या इंचानं कमी भरली होती आणि भरतीचं वय उलटायला चार महिने उरले होते. ती मॅच त्याची शेवटची संधी होती, हे मैदानातल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

रेफ्री होते पाटणचे हंबीरराव, निवृत्त सुभेदार. मोठ्या स्पर्धांत रेफ्री रंगीत कार्डं दाखवायला लागलेत हे त्यांनी पलटणीत असताना बघितलं होतं. घरी पुठ्ठ्याला रंग देऊन त्यांनी दोन कार्डं केली आणि खिशात ठेवली. आमच्या भागात तोवर ती कुणी पाहिली नव्हती.

शेवटची बारा मिनिटं उरली होती. कडेगाव एक गोलनं पुढं. मी ज्या कडेला होतो तिकडं शाळेची भिंत होती आणि ऊन थेट डोळ्यांत येत होतं, म्हणून सगळी माणसं समोरच्या बाजूला बसली होती. माझ्या बाजूला मी एकटाच. रेषेच्या बाहेर मैदान सपाट करायचा दगडी रोलर पडलेला होता. तो कुणी हलवला नव्हता. मलाही हलवायला सांगायचं सुचलं नाही.

रायगोंडा बॉल घेऊन रेषेच्या कडेनं सुसाट आला. मानसिंग त्याच्या मागं. बॉल उडाला, रायगोंडा त्याच्यावर झेपावला आणि त्याचाच पाय बॉलवर पडून सटकला. तो हवेत आडवा झाला. डोकं सरळ त्या रोलरच्या दिशेनं. तेवढ्यात मानसिंगनं मागून झेप घेतली, दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला आणि कुस्तीत धरतात तसा पिळून त्याला आतल्या बाजूला ओढला. रायगोंडा कोपरावर आदळला. कोपर सोलवटलं, खांदा निखळला. डोक्यात आणि रोलरमध्ये वीतभर अंतर राहिलं होतं. हे मी सहा पावलांवरून बघितलं.

समोरच्या लोकांना काय दिसलं? पहिलवानानं मागून पाय धरून खेळाडूला आपटलं. सुभेदार मैदानाच्या मधोमध होते, त्यांनाही तेच दिसलं. शिट्टी वाजली. समोरून दगड यायला लागले. रायगोंडा खांदा धरून ओरडत होता. त्याची पाठ रोलरकडे होती, त्याला स्वतःलाच काही कळलं नव्हतं.

मानसिंग म्हणाला, "सायेब, त्येचं डोस्कं दगडावर जात हुतं."

सुभेदार कडक माणूस, पण न्यायाला पक्का. ते चालत माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जिनपालराव, नियमानं तुम्ही फक्त बॉल बाहेर गेला का तेवढंच सांगायचं असतं. तरी विचारतो. मुद्दाम केलं का वाचवायला केलं? मॅच पुन्हा सुरू होईपर्यंत मला निर्णय बदलता येतो. नंतर येत नाही."

एवढं स्पष्ट मला आयुष्यात दुसऱ्या कुणी विचारलं नसेल. आणि मी काय केलं? मी मांडवाकडे बघितलं. तिथं कॅप्टनसाहेबांच्या शेजारी मुंबईच्या एका गिरणीच्या टीमचे मॅनेजर बसले होते. जिंकलो तर रायगोंडाला गिरणीत घेऊ असं ते सकाळीच बोलले होते. कडेगावच्या बचावात मानसिंग उभा असेपर्यंत आम्हाला गोल मिळणार नव्हता.

"माझी नजर बॉलवर होती," मी म्हणालो.

सुभेदारांनी मान हलवली, परत गेले आणि खिशातून लाल पुठ्ठा काढून वर धरला. लोक क्षणभर गोंधळले. रेशनकार्ड काढलं काय, असं कुणीतरी ओरडलं. मग सुभेदारांनी बाहेरचा रस्ता दाखवला आणि सगळ्यांना कळलं. मानसिंगनं सुभेदारांकडे बघितलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी हातातल्या झेंड्याची काठी बघत राहिलो.

आम्ही दोन गोल केले आणि कप घेतला. रायगोंडाचा खांदा महिन्यात बसला आणि तो मुंबईला गेला. कॅप्टनसाहेबांनी कडेगावची दोन पोरं निवडली, त्यात मानसिंग नव्हता. तापट पोरगा पलटणीला चालत नाही, असं ते म्हणाल्याचं नंतर कानावर आलं. तापट! त्या पोराचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

पण खरा घाव मैदानात बसलाच नव्हता. तो कडेगावच्या तालमीत बसला. तात्याबा वस्ताद म्हणजे त्या तालमीचा शब्द. सलामी झडल्याशिवाय, समोरच्यानं हात दिल्याशिवाय, कुणाच्याही अंगावर डाव टाकायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. जो सावध नाही, त्याच्यावर मागून डाव टाकणारा त्यांच्या लेखी पहिलवानच नव्हे. फायनलच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मानसिंगला तालमीच्या दारात थांबवलं. त्यानं सगळं सांगितलं. वस्ताद म्हणाले, "बघितलेला येक माणूस आण. तवर ह्या मातीत पाय ठेवू नगंस." लाल कार्डानं तो बारा मिनिटं बाहेर गेला होता. वस्तादांच्या शब्दानं तो गावातूनच उठला. ज्या पोरांना त्यानं डाव शिकवले ती त्याला बघून रस्ता बदलायला लागली.

हे मला केरबानंच सांगितलं, हॉटेलात, भजी खाता खाता. मी पुढ्यातली भजी त्याच्याकडे सरकवली.

त्याच वर्षी भाद्रपदात आमचं दहा दिवसांचं पर्व झालं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही जैन माणसं बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, एकमेकांपुढं हात जोडतो आणि वर्षभरात झालेल्या अपराधाची क्षमा मागतो. लांबच्यांना पत्र टाकतो. मजकूर ठरलेला असतो. कळत नकळत, मनानं, वाचेनं, देहानं आपणास दुखावलं असल्यास उत्तम क्षमा. मी दरवर्षी शंभरेक कार्डं लिहितो. आडतदार, सोयरे, गिऱ्हाइकं. त्या वर्षी एक कार्ड कडेगावला लिहिलं, मानसिंगच्या नावानं. मजकूर तोच, एक अक्षर जास्त नाही.

आठ दिवसांत उत्तर आलं. 'आपणांस क्षमा आहे. माझे काही चुकले असल्यास क्षमा असावी.' वळणदार अक्षर होतं, कुणा मास्तरांकडून लिहून घेतलेलं.

मला काय वाटलं म्हणून सांगू? हलकं वाटलं. त्या रात्री मला झोप लागली. क्षमा मागितली, मिळाली, झालं गेलं संपलं. पुढच्या वर्षी पुन्हा कार्ड, पुन्हा क्षमा. चार वर्षं मी असाच सुटत राहिलो. धर्मानं माणसाला अहंकार सोडायला दिलेली गोष्ट मी लपायला वापरली, आणि वर मला मी धार्मिक वाटायचो. आज त्याची लाज वाटते.

अठ्ठ्याहत्तरच्या कार्डाला मात्र निराळं उत्तर आलं. या वेळी अक्षर त्याचं स्वतःचं होतं, मोठं, वेडंवाकडं.

'अण्णा, सांगलीतून मला दर साली पत्र टाकणारे तुम्ही एकटे. वस्ताद आजारी हाईत. मी त्यांना तुमची पत्रं दाखवली. ते म्हणाले, ह्यात काय बघितलं ते कुठं लिवलंय? त्या माणसानं माझ्या म्होरं येऊन सांगितलं तर मी सोता तुला हाताला धरून मातीत नेतो. तुमी एकदा यावं. मानसिंग.'

मी पत्र घडी करून खिशात ठेवलं. दसरा गेला, दिवाळी आली. दिवाळीत भांड्यांच्या दुकानातून कोण हलतं? मग लग्नसराई. मग रायगोंडा बायकोला घेऊन आला, त्याला मुलगी झाली होती, बारसं होतं. कारणांना काय तोटा? खरं कारण एकच होतं. मी तिथं जाऊन बोललो असतो तर गोष्ट सांगलीत यायला दोन दिवस लागले नसते, आणि न्यायी जिनपालअण्णा भाऊसोच्या हॉटेलात पुन्हा कधी बसू शकले नसते.

माघ संपता संपता केरबा हॉटेलात म्हणाला, "कडेगावचं तात्याबा वस्ताद गेलं की. परवाच दहावा झाला." आणि पुढच्याच वाक्याला लाल कार्डाचं भांडण सुरू झालं.

मी उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी विट्याला गाडी बदलून कडेगाव गाठलं.

मानसिंग उसाला पाणी पाजत होता. मला बघितल्यावर त्यानं फावडं टाकलं, पाटात हात-पाय धुतले आणि घरी घेऊन आला. अंगानं सुटला होता, पहिलवानाचे खांदे उतरले होते. घरात शिरताना त्यानं बायकोला हाक मारली, "रंगू, चहा टाक. सांगलीचं अण्णा आल्यात. पत्रांचं."

देव्हाऱ्यातून त्यानं माझी पाचही कार्डं आणून माझ्यापुढं ठेवली. देवाच्या मागं ठेवली होती. हळदी-कुंकवाचे डाग पडले होते त्यांच्यावर. मला ती हातात घेववेनात.

"मानसिंग," मी म्हणालो, "मी सगळं बघितलं होतं. माझ्या भावाचं डोकं त्या रोलरवर जात होतं आणि तू त्याला वाचवलास. सुभेदारांनी मला विचारलं आणि मी खोटं बोललो. भावाच्या नोकरीसाठी."

वाटलं, हा आता उठेल, माझी गचांडी धरेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "त्याच दिवशी ठावं हुतं. मी तुमच्या डोळ्यांकडंच बघत हुतो न्हवं का." चहाची कपबशी त्यानं माझ्याकडे सरकवली. "मला वाटलं, भावाच्या मायेपायी गप बसलं. माणूस हाय, हुतंय. मग तुमचं पत्र आलं. मी म्हणलं, ह्येला कळलंय. आज ना उद्या ह्यो येतोय. पाच वर्सं मी गावाला सांगत आलो, सांगलीचा माणूस येणार हाय."

मी कपबशी तशीच खाली ठेवली.

"वस्तादांची खाट भाईर सोप्यात घातली हुती. शेवटच्या महिन्यात वळखबी ऱ्हायली न्हवती माणसांची. पर यस्टी आली की इचारायचं, सांगलीचा आला का रं?" त्यानं कार्डं एकावर एक रचली. "त्यांनाबी मला आत घ्यायचं हुतं अण्णा. त्यांचाबी जीव अडकला हुता."

रंगूबाई दारात उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि आत गेली. मी रडलो. पन्नाशीला आलेला माणूस परक्याच्या घरात बसून रडलो, हे लपवून ठेवण्यात आता अर्थ नाही.

"चल तालमीत," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर सांगतो."

"तुमी जावा. मी दारापतूर येतो. आत मला मनाई हाय."

तालमीत संध्याकाळची पोरं मातीत होती. वस्तादांच्या जागी आता नाथाजी होता, मानसिंगच्याच बरोबरीचा पहिलवान. मी हात जोडून उभा राहिलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. मेहनत थांबली. पोरं अंगावरची माती न पुसता ऐकत होती, आणि मधूनमधून दाराबाहेर उभ्या असलेल्या मानसिंगकडे बघत होती.

नाथाजी मातीतून बाहेर माझ्यापुढं आला. मग म्हणाला, "तुमचं खरं हाय, पावनं. माझा इस्वास हाय. आज गावात सगळ्यास्नी सांगतो, मानसिंगचा दोष न्हवता म्हणून. पर मातीत घ्यायचं म्हणाल तर ते माझ्या हातात न्हाई. वस्तादांनी भाईर काढलेल्याला आत घ्यायचा हक वस्तादांचा. त्यांनी तोंडानं सांगितलं असतं तर मी पायावर डोकं ठिवून आणला असता त्याला. आता कुणाला इचारू?"

"मी दिवाळीत आलो असतो तर?"

"तर त्यांनी सोता उठून आणला असता," नाथाजी म्हणाला.

बाहेर आलो. मानसिंगनं सगळं ऐकलं होतं. पोरांपैकी दोघं-तिघं दारात आली, एकानं वाकून त्याच्या पायाला हात लावला. त्यानं त्या पोराच्या खांद्यावर थोपटलं आणि माझी पिशवी उचलून एस्टीच्या थांब्याकडे चालायला लागला. मी मागून.

थांब्यावर आम्ही दोघंच होतो. मग त्यानं विचारलं, "रायगोंडा बरा हाय न्हवं?"

"बरा आहे. मुलगी झाली त्याला."

"ब्येस," तो म्हणाला. ते त्यानं मनापासून म्हटलं.

मला राहवेना. मी त्याच्यापुढं हात जोडले. "मानसिंग, या वेळी कार्डावर नाही, तोंडानं मागतो. मला क्षमा कर."

त्यानं माझे हात धरले आणि हळूच खाली केले. "पत्रातली चार येळा केलेली क्षमा मी मागं घेत न्हाई. पर येक मागणं हाय, अण्णा. पुढच्या साली पत्र टाकू नगासा."

"का?"

"पत्र आलं की उत्तर लिवावं लागतंय, क्षमा हाय म्हणून," तो म्हणाला. "मला खोटं लिवता येत न्हाई."

गाडी आली. त्यानं माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि गाडी सुटेपर्यंत तो तिथंच उभा राहिला, कारण मी त्याच्या घरचा पाहुणा होतो.